संयुक्त मानापमान ते ‘शक्ती’: सर्वश्रेष्ठ सुपरग्रुपचा शोध

पाश्चात्त्य जगात ‘सुपरग्रुप’चा इतिहास बहुतेक वेळा १९६६ पासून सांगितला जातो. त्या साली एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर या तीन नावाजलेल्या वादकांनी लंडनमध्ये ‘क्रीम’ काढला आणि दोन-सव्वादोन वर्षांत तो फुटलाही. क्लॅप्टन आणि बेकर १९६९ मध्ये स्टीव्ह विनवुड आणि रिक ग्रेच यांच्यासह ‘ब्लाइंड फेथ’मध्ये पुन्हा एकत्र आले. एक अल्बम, एक दौरा आणि खेळ खलास. पुढे १९८८ मध्ये बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांचा ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑर्बिसन गेले. सर्वांत मोठा सुपरग्रुप कोणता, यावर जगभर जी भांडणं होतात ती साधारण याच नावांभोवती.

मराठी रसिकाने या वादात पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसायचं काहीच कारण नाही. आपल्याकडे हा प्रकार क्रीमच्या पंचेचाळीस वर्षं आधी घडून गेला आहे, आणि तोही तिकीटबारीवर झुंबड उडवून.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. एका बाजूला गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, दोघांचे भक्त वेगळे, आणि या भक्तांमधली चुरस मोठी कडवी. बालगंधर्वांचं गाणं लडिवाळ, बारीक मुरक्यांचं, ठुमरीच्या वळणाने जाणारं. केशवरावांचा आवाज उंच पट्टीतला, खडा, तडफदार तानेचा. टिळक स्वराज्य फंडासाठी गांधीजींनी एक कोटी रुपयांचं आवाहन केलं होतं. त्या फंडाच्या मदतीसाठी हे दोघे एका नाटकात उभे राहिले: बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर.

नाटकाची निवडही विलक्षण जुळून आली होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे निकटचे सहकारी, ‘केसरी’चे संपादक; १९११ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या या नाटकाला गोविंदराव टेंब्यांच्या चाली होत्या. कथा काय, तर श्रीमंतीचा तोरा असलेली भामिनी गरीब सेनापतीचा अपमान करते आणि मग वनमाला होऊन त्याच्याच प्रेमात पडते. म्हणजे रंगमंचावर दोन पात्रांच्या मानापमानाचा खेळ चालू असताना प्रेक्षागृहात दोन कंपन्यांच्या मानापमानाचा निकाल लोक कान टवकारून ऐकत होते. आज कोण वरचढ ठरणार, याच उत्सुकतेने अर्धं थिएटर भरलं असेल. पण नाटकच असं आहे की भामिनी चढली तर धैर्यधराला रंगत येते आणि धैर्यधर चढला तर भामिनीला. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला पाडलं तर प्रयोगच पडतो.

ही जोडी पुढे टिकली असती तर मराठी संगीत नाटकाचं काय झालं असतं, हा प्रश्न नाट्यवेड्यांना शंभर वर्षांनंतरही छळतो. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव भोसले ऐन एकतिशीत गेले. त्या रात्रीचा आवाजही आपल्याकडे नाही. त्या काळचं ध्वनिमुद्रण कर्ण्यापुढे उभं राहून, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीपुरतं व्हायचं. भरल्या थिएटरातला रात्रभराचा प्रयोग टिपणं त्या यंत्राच्या आवाक्यातलंच नव्हतं. त्यामुळे संयुक्त मानापमानाचा मान मोठा असला तरी त्याची बाजू मांडताना साक्षीदारांच्या आठवणींवरच थांबावं लागतं.

परदेशात याला जवळची तुलना सापडते ती ७ जुलै १९९० ची. रोममधल्या काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास हे तीन टेनर एकत्र गायले. निमित्त फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं होतं, आणि कारण मदतीचंच: रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या कारेरासच्या संस्थेसाठी. वाद्यवृंदाची सूत्रं होती मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांकडे. फरक इतकाच की रोमची मैफल ध्वनिमुद्रित झाली आणि शास्त्रीय संगीतातल्या विक्रीचे विक्रम तिने मोडले. त्यानंतर मात्र या तिघांनी तोच कार्यक्रम स्टेडियममागून स्टेडियममध्ये केला आणि पहिल्या रात्रीची असोशी हळूहळू विरत गेली. केशवराव आणि बालगंधर्वांच्या वाट्याला ती उतरण आली नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

पुष्कळ मोठी माणसं एका गाण्यात आणली की सुपरग्रुप होतो, असा एक समज आहे. तो बाजूला ठेवायला हवा. १९८५ मधलं ‘वी आर द वर्ल्ड’, १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेलं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’, सुरेश भटांच्या कवितेला कौशल इनामदारांनी चाल देऊन शंभरावर गायकांकडून २०१० साली गाऊन घेतलेलं मराठी अभिमानगीत, ही सगळी कामं मनापासून झाली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. ‘मिले सुर’मध्ये भीमसेन जोशींच्या आवाजामागे अशोक पत्कींची संगीतरचना आहे, हे तर मराठी माणसाने अभिमानाने सांगावं. पण इथे प्रत्येक जण आपली ओळ गाऊन निघतो; एकाच्या गाण्याने दुसऱ्याचं गाणं बदलत नाही. हे संमेलन झालं, ग्रुप नाही.

ठाण्यात हा विषय निघाला की एक वेगळाच उमेदवार पुढे येतो, आणि तो सहज बाद करण्यासारखा नाही. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर. सावळाराम मूळचे सांगलीकडच्या येडेनिपाणीचे, पण आयुष्य ठाण्यात गेलं. ते इथले नगराध्यक्षही झाले. ठाणे महापालिका आजही त्यांच्या नावाने पुरस्कार देते. या तिघांनी मिळून मराठी भावगीताला जे दिलं ते घरोघर इतकं मुरलं की लग्नात मुलगी सासरी निघाली की त्यांचंच गाणं लागतं, आणि ते कुणी लिहिलं हे लावणाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही.

रॉकच्या हिशेबात हे त्रिकूट बसत नाही, कारण कवी मंचावर नसतो. तो हिशेब मराठीला लागू करू नये. आपल्याकडे भावगीताची ओळख करून देताना कवी, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं घेण्याची रीत आहे आणि ती योग्य आहे. सावळारामांचे साधे, घरगुती शब्द नसते तर प्रभूंच्या त्या गोड, वळणदार चाली कशावर बसल्या असत्या? हाच न्याय ‘गीतरामायणा’ला लावला तर तो उमेदवार तर प्रचंडच ठरतो. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं गीत, अशी वर्षभराहून थोड्या अधिक काळात ५६ गीतं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि गाणाऱ्यांत स्वतः फडके, लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके, सुरेश हळदणकर. ही यादी कुठल्याही देशातल्या सुपरग्रुपपुढे ठेवावी. पण पुढच्या काळात गीतरामायण जगलं ते बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, एकट्याच्या कंठातून. ५६ गीतांत विखुरलेले सगळे आवाज एका माणसाने आपल्यात सामावून घेतले. तो चमत्कारच, पण त्यात मूळचा ताफा मागे पडला हेही खरं.

आता ठाण्यातलंच कोलशेत. घोडबंदरच्या बाजूचं खाडीकाठचं हे आगरी-कोळ्यांचं गाव. भोवती आधी कारखाने आले, मग कारखान्यांच्या जागी टॉवर. टॉवरमध्ये राहणाऱ्यांच्या प्लेलिस्टमध्ये काहीही असो, गावातल्या हळदीला अजून कोळीगीतंच लागतात. त्यांतली निदान काही गाणी एका अस्सल सुपरग्रुपची आहेत. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, शांता शेळक्यांचे शब्द, लताबाईंचा आवाज, आणि दर्यावर्दी कोळ्याचा आवाज दिलाय बंगालच्या हेमंतकुमारांनी. पुण्याकडची विदुषी आणि कोलकात्याचा गायक खाडीकाठच्या बायाबापड्यांना आपले वाटतात, ही किमया चालीने केली आहे. मासळीची पाटी उतरवून नाचायला उठलेल्या बाईला ही गाणी बाहेरच्यांनी केलीत असं कधी वाटलं नाही.

याच हळदीत दुसरीही एक गोष्ट दिसते. तिची नोंद संगीताच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही: बेंजो पार्टी. बेंजो म्हणजे आपला बुलबुल तरंग. टाइपरायटरसारख्या बटणांच्या दोन ओळी, डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. मूळ वाद्य जपानी, तैशोगोतो. १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झालं. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात त्याला पिकअप बसला, टेम्पोवर जनरेटर आणि ॲम्प्लिफायर चढले, आणि खाजगी खोलीतलं हे नाजूक वाद्य मिरवणुकीचा राजा झालं. त्याच्या भोवती ढोलकी, कच्छी ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. सुपारी साधी असली तर पार्टी आपल्या मुलांवर भागवते. सुपारी तालेवार असली, मंडळ मोठं असलं, तर एका पार्टीचा बेंजोवाला, दुसऱ्या पार्टीचा ढोलकीवाला आणि तिसरीचा पॅडवाला एका टेम्पोवर चढतात, आणि आज कोण वाजवायला येणार आहे ही बातमी आधीच गल्लीत पसरलेली असते. तालीम नाही, लिहून काढलेलं काही नाही. बेंजोवाला एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना नुसती मान हलवतो आणि ढोलकीवाल्याने त्याच मात्रेला ठेका बदललेला असतो. डोंबिवलीत वाढलेल्या रवी जाधवांनी २०१६ मध्ये ‘बॅन्जो’ हा हिंदी चित्रपट याच विश्वावर केला. ही मुलं नावाजलेली आहेत ती दोन-चार किलोमीटरच्या परिसरात. पण एकत्र येऊन क्षणात एकमेकांना धरण्याची जी विद्या क्लॅप्टनच्या मंडळींना दोन-सव्वादोन वर्षांपलीकडे टिकवता आली नाही, ती इथे दर मोसमात कामाला येते.

ध्वनिमुद्रिकांच्या जगात भारताचा सर्वांत ठसठशीत उमेदवार १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरासियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीसाठी या मुद्रिकेची निर्मिती केली जी. एन. जोशी यांनी. मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांपैकी एक असलेल्या जोशींनी पुढे अनेक वर्षं ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून दुसऱ्यांचं गाणं घडवलं. आपल्या लोकांना त्यांचं गाणं आठवतं, हे काम आठवत नाही, याची रुखरुख वाटते.

या मुद्रिकेत काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे. पहाटेला अहिरभैरव आणि नटभैरव, मग पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस, शेवटी पहाडी. तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटंच मिळायची. खयालाच्या हिशेबाने ती तुटपुंजी, पण तीन वाद्यांनी एकमेकांना जागा देत एक प्रहर उभा करायला पुरेशी. तिघांपैकी कुणीच आपल्या वाद्याची सगळी विद्या ओतत नाही. बासरी एक स्वर धरून थांबते, त्या स्वरावर संतूरचे तुषार पडतात, गिटार खालून मींड घेत येते. संतूर हे शास्त्रीय वाद्य होऊ शकतं का, यावर तेव्हा शंका घेणारे होते. गिटारबद्दल तर विचारूच नका.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. १९६७ साली शिवकुमार आणि हरिप्रसाद तिशीच्या आतले होते. हरिप्रसाद कटक आकाशवाणीहून मुंबईत बदलून आलेले आणि स्टुडिओंत वाजवणारे. मोठी नावं एकत्र आली असं म्हणण्यापेक्षा या मुद्रिकेनेच ही नावं मोठी केली. मग हा सुपरग्रुप कसा? आक्षेप मान्य करूनही या चौघांना यादीतून काढणं जिवावर येतं. पुढे ‘शिव-हरी’ म्हणून ‘सिलसिला’, ‘चांदनी’, ‘लम्हे’, ‘डर’ला त्यांनी संगीत दिलं तेव्हा दोघेही शिखरावर होते आणि जोडी तीच होती. म्हणजे या ग्रुपने आपली पात्रता नंतर मिळवली, एवढंच.

जाता जाता १९६८ च्या ‘रागा जॅझ स्टाइल’चंही नाव घ्यायला हवं. शंकर-जयकिशन यांनी रईस खाँच्या सतारीभोवती मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, लेस्ली गोदिन्होंचे ड्रम्स, लुसिला पाशेकोंचा पियानो असे मुंबईच्या स्टुडिओंतले खंदे वादक जमवून अकरा रागांवर ही तबकडी केली. हिंदी चित्रपटसंगीत ज्यांच्या खांद्यावर उभं राहिलं त्या गोमंतकीय वादकांची नावं मुद्रिकेवर छापली जाण्याचा तो दुर्मिळ प्रसंग.

तरीही सर्वश्रेष्ठ कोण, याचं उत्तर द्यायचंच झालं तर ते ‘शक्ती’ हे आहे.

जॉन मॅक्लॉफ्लिन तेव्हा ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’चा, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या विजेच्या गिटारीचा, जगप्रसिद्ध नायक. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो सगळा सरंजाम सोडून तो साधी गिटार घेऊन मांडी घालून बसला. शेजारी माहीमचे झाकिर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. मॅक्लॉफ्लिनने आपल्या गिटारीच्या पडद्यांमधली पट्टी खोल कोरून घेतली, म्हणजे तार ओढून मींड काढता यावी. तरफेच्या तारा बसवून घेतल्या. तबला हिंदुस्थानी, घटम कर्नाटकी; दोघांची गणितं वेगळी, बोल वेगळे. त्याआधी उत्तर-दक्षिणेचे तालवादक एका मंचावर आले तर बहुधा आळीपाळीने वाजवत असत. ‘शक्ती’त ते एकाच तिहाईवर एकत्र उतरले. कोन्नक्कोलचे बोल तोंडाने म्हणत चौघे एकमेकांना हिशेब देतात ते ऐकलं की लय कोणत्या देशाची हा प्रश्नच उरत नाही. १९७६ ते १९७७ मध्ये तीन अल्बम आले. रेकॉर्ड कंपनीला मात्र इलेक्ट्रिक गिटारचाच मॅक्लॉफ्लिन हवा होता. ग्रुप थांबला.

पण संपला नाही, आणि इथेच तो क्रीम, विल्बरीज किंवा तीन टेनर यांच्यापासून वेगळा होतो. १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने हरिप्रसाद चौरासियांसह तो पुन्हा उभा राहिला. मग मॅन्डोलिनवर यू. श्रीनिवास आले, कांजिऱ्यावर विक्कूंचे चिरंजीव सेल्वगणेश आले, आणि पुढे चेंबूरचे शंकर महादेवन आले. श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला हा गायक एरवी मराठी माणसाला ‘कट्यार काळजात घुसली’तला पंडितजी म्हणून आठवतो. २००१ चा ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ मुंबईतच मुद्रित झाला. पाहुण्यांत शिवकुमार शर्मा होते. २०१४ मध्ये श्रीनिवास अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. ग्रुपने शोक केला, आणि काही वर्षांनी व्हायोलिनवर गणेश राजगोपालन यांना घेऊन तो पुन्हा उभा राहिला. ‘धिस मोमेंट’ला ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी मिळालं. त्याच रात्री झाकिरभाईंना आणखी दोन ग्रॅमी मिळाली, ती बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरासिया यांच्याबरोबरच्या दुसऱ्या एका चौकडीसाठी. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिरभाई गेले.

पन्नास वर्षं, तीन पिढ्यांचे वादक, आणि तरीही ऐकताक्षणी ओळखू येणारा एकच आवाज. बालगंधर्व आणि केशवरावांची रात्र तेजाने याहून उणी नव्हती. पण तिला दुसरा दिवस मिळाला नाही. सावळाराम, प्रभू, लता हे त्रिकूट लोकांच्या जगण्यात जास्त खोल गेलं आहे, हेही निःशंक. ‘शक्ती’ने मात्र आधी अस्तित्वात नसलेली एक वाजवण्याची भाषा तयार केली आणि ती नव्या माणसांना शिकवताही आली. म्हणून पहिला मान तिचा, मग मानापमान, मग कॉल ऑफ द व्हॅली. सावळारामांच्या ठाण्यात हा क्रम कुणाला रुचणार नाही, आणि त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असेल.

ठाणे-कल्याणसारख्या या शहरांना एकत्र गाण्याची परंपरा नाही असंही नाही. ठाण्यात राहिलेल्या पं. राम मराठ्यांनी १९६३ च्या ‘मंदारमाला’त गोव्याच्या प्रसाद सावकारांबरोबर जी जुगलबंदी उभी केली, तिला वन्समोअर पडायचे आणि दोघेही दर वेळी नवं काही काढायचे. आज राम मराठ्यांच्या नावाने ठाणे महापालिका समारोह भरवते. कल्याण गायन समाज १९२६ पासून उभा आहे आणि त्याचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्याच गुरूंच्या, नावाने होतो. कोलशेतहून काशिनाथ घाणेकर नाट्यगृह हाकेच्या अंतरावर आहे. मंच आहेत, रसिक आहेत, कलाकारही येतात. पण हल्लीच्या महोत्सवांत ते बहुधा एकामागून एक येतात: एकाचं सत्र संपतं, माइक हलवले जातात, दुसऱ्याचं सुरू होतं. दोन मोठ्या कलाकारांना एकत्र बसवायचं तर आधी चार-पाच दिवसांची तालीम लागते, आणि त्या दिवसांचं मानधन महोत्सवाच्या अंदाजपत्रकात क्वचितच असतं. एका हंगामात एखाद्या आयोजकाने दोन सत्रं कमी करून तेवढे पैसे अशा तालमीवर लावून पाहावेत. एका बाजूला खयालाचा गायक आणि दुसऱ्या बाजूला आगरी-कोळी लग्नांतली धवळागीतं म्हणणारी धवळारीण बसवली, तर काय निघेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि तिकीट काढायला तेवढं पुरेसं आहे.